उन्हाळ्याची खूण

एकोणीसशे चौतीस साल नुकतंच लागलं होतं. मी चोपन्न वर्षांचा होतो, महाराज, अन् दुसऱ्याचं ऐकून घ्याची सवय मले तोवर लागली नव्हती. तुमी माह्याहून बारा वर्षांनी लहान, पण वलगाव रोडवरच्या माह्या दुकानापुढं मोटरसायकल ढकलत आले तेव्हा घामानं अन् धुळीनं माह्यापेक्षा म्हातारे दिसत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. कपाळावरचं गंध उतरून नाकावर आलेलं. तुटलेली साखळी पळसाच्या पानात गुंडाळून दोन बोटांत अशी धरली होती, जसा मेलेला साप.

"साखळी तुटली," तुमी म्हणाले.

"तुटली नाही, तोडली. तेल कधी घातलं होतं?"

"तेल मी कसं घालू? वाटेत हात काळे झाले की यजमानाच्या दारी पुन्हा अंघोळ, पुन्हा सोवळं. तोवर मुहूर्त थांबतो का?"

"मंग साखळी बी थांबत नाही महाराज."

मले वाटलं रागावाल. तुमी ओट्यावर बसले अन् हसले. ते हसणं अजून माह्या दुकानात आहे. पाना हातातून सुटून फरशीवर वाजला की मले तेच आठवते.

गाडीची कथा तेव्हा अख्ख्या अमरावतीले माहीत होती. रस्त्याच्या खात्यातले एक इंजिनिअर साहेब, त्यांची आई गेली अन् तेराव्याच्या आधीच बदलीचा हुकूम आला. गोदानाले गाय शोधाले वेळ नव्हता. साहेबानं म्हटलं, महाराज, गाईच्या जागी ही माही मोटरसायकल घ्या, ही बी दोन माणसं पोसते. तुमी साहेबाचा हात हँडलावर ठेवून संकल्प सोडवला म्हणे. तेव्हापासून लोक तिले कपिला म्हणत. पोरं वरडत, "महाराज आले, कपिला हंबरली!" तुमाले त्याचा राग कधी आला नाही. उलट भोंगा वाजवून पोराईले उत्तर द्यायचे.

वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. तेलात बसली की साखळी कानशीनं घासल्यावानी झिजते. कोरडी ठेवली तर आणखी लवकर. पंधरावीस कोसाले तेल पाह्यजे, अन् तुमची यजमानं तर बडनेरा, मुर्तिजापूर, पार अकोल्यापर्यंत. तुमाले पाह्यजे होतं ते सोपं होतं अन् तेच अवघड होतं. तुमच्या हाताले तेल न लागता साखळीले तेल लागावं.

मी म्हटलं, करतो.

कोणी दुसरा असता तर म्हटलं असतं, पाहतो. पण मी तीस हंगाम कापसाच्या जिनात तेलवाला होतो. आमचा बगीचा वलगावले, बाप भाजी पिकवत होता, भाऊ अजून पिकवतात. मीच एकटा चौथीतून उठून जिनात गेलो. फिरत्या दांड्याच्या बेरिंगावर काचेची तेलवाटी असते, तिच्यातून तेल थेंब थेंब पडते. माणसाले तिथं सारखा हात घालावा लागत नाही. जिनातून निघालो तेव्हा मॅनेजरनं त्यातली एक जुनी वाटी मले दिली होती. लोक सत्काराची शाल ठेवतात तशी मी ती दुकानात खुंटीले टांगली होती. ती काढून तुमच्या गाडीले लावली. त्यातलं तेल नळीतून साखळीवर सोडाचं, अन् मधात पितळी कॉक. कॉक आडवा केला की बंद. कॉकले मी बाभळीची मूठ घातली, तुमच्या बोटाले तेल लागू नाही म्हणून.

मंग आपला पहिला वाद झाला. तुमी म्हणाले, "तेल वरून सोडा. पिंडीवर अभिषेकाची गळती वरूनच असते."

"पिंडी फिरते का महाराज?"

तुमी हसले, पण हटले नाही. म्हटलं घ्या, वरून घ्या. वरून सोडलं. तुमी बडनेऱ्याले जाऊन आले तेव्हा धोतरावर मागं खालपासून वरपर्यंत काळे ठिपके. जशी काजळाची रांगोळी. तुमच्या मंडळी माई दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी धोतर पाह्यलं, मंग गाडी पाह्यली. "आता हे धुवायला कपिलालाच सांगा," म्हणाल्या.

मी नळी खाली घेतली. खालच्या फेऱ्यावर, आतल्या अंगानं, मागच्या दातेरी चक्राच्या जरा आधी. तिथं पडलेलं तेल चक्र फिरलं की आतून बाहेर येते अन् सांध्यासांध्यात मुरते. तुमाले ते पटलं. पण थेंब काही साखळीवर पडेना. नळीच्या तोंडाशी लोंबकळे अन् वाऱ्यानं भलतीकडंच जाय. मी दोन दिवस डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी तुमी देवळातली तांब्याची गळती फडक्यात बांधून आणली. तिच्या भोकात दर्भाची एक काडी होती.

"पाणी भोकातून पडत नाही, तुळशीरामजी. काडीवरून उतरतं. काडी जिथं नेईल तिथं."

तीस हंगाम तेल घातलेल्या माणसाले हे माहीत नव्हतं. मी दर्भाच्या जागी पितळेची बारीक तार घातली अन् ती साखळीले टेकेल न टेकेल अशी ठेवली. थेंब मुकाट्यानं तारेवरून उतरून सांध्यात गेला. तुमी माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "हे मले बी सुचलंच होतं." खोटं होतं महाराज. मले सुचलं नव्हतं.

पौषातली सकाळ होती. तुमच्या अंगावर घोंगडी, माह्या कानाले मफलर. किती तेल सोडाचं ते ठरवाले आपण दोघं गाडीजवळ उकिडवे बसलो. तुमी ओठातल्या ओठात गायत्री म्हणून राहिले होते. मी माह्या मापानं, रामकृष्णहरी दहा वेळा. तुमची एक गायत्री संपे तोवर माहे दहा होत. एका गायत्रीले एक थेंब, दोघाईच्या मापात बसला. मी छिन्नी घेतली अन् त्या जागी कॉकवर खूण पाडली. म्हटलं, "आता ब्रह्मदेव आला तरी या खुणेवरून हलवाचं नाही."

"ब्रह्मदेवाला मोटरसायकल कुठं येते," तुमी म्हणाले.

तो हिवाळा साखळी अशी चालली की मी ती रोज पाहाले येत होतो. एक गोष्ट मी तेव्हा रोज पाह्यली, अन् तीच आज मले झोपू देत नाही. गाडी थांबली की उतरण्याआधी तुमी कॉक आडवा करत. मंग दोनदा बोट टेकवून पाहत. मंग तोंडानं म्हणत, "बंद." आचमन केल्यावानी. एकदा बी चुकले नाही. मी चिडवत होतो, "महाराज, आता त्यावर अक्षता बी टाका." तुमी म्हणत, "हसा. ज्याचं पोट आठवणीवर आहे तो असाच वागतो."

मंग वैशाख आला. अकोल्याच्या वकीलसाहेबाच्या मोठ्या मुलीचं लग्न, गोरज मुहूर्त. तुमी सकाळी निघाले, ऊन चढलं म्हणून मुर्तिजापूरले विहिरीवर थांबले, दुपारी पुढं निघाले. नाल्याच्या वळणावर मागचं चाक सरकलं अन् तुमी उजव्या हातावर पडले. एका गाडीवानानं तुमाले बैलगाडीत घातलं. अकोल्याले पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. दुसऱ्या भटजीनं लग्न लावलं होतं.

गाडी माह्या दुकानी आली. मागचा टायर तेलानं चकचकून राहिला होता. जमलेल्यातला कोणी म्हणाला, "तुळशीरामजी, तुमचं यंत्र महाराजाले भोवलं म्हंते."

मी मागंपुढं पाह्यलं नाही. तुमाले विचारलं बी नाही. "यंत्राले काय धाड भरली? महाराज मुर्तिजापूरले थांबले, कॉक बंद कराले भुलले. तासभर तेल टायरवर गळलं."

बस, एवढंच बोललो. पंधराएक शब्द असतील. तुमच्या मनगटाले पट्टी बांधून व्हाच्या आत ते शब्द अकोल्याले पोचले होते.

महिन्यानं तुमी आले, हात गळ्यात. ओट्यावर बसले नाही, उभेच राहिले.

"तुळशीरामजी, मी बंद केला होता."

"मंग तेल आलं कोठून?"

"ते तुम्ही सांगा. तेल तुमचं शास्त्र."

"मी तीस हंगाम तेल घातलं महाराज. तेल खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो?"

मी कानस उचलली अन् काहीतरी घासत बसलो. काय घासत होतो ते आज सांगता येत नाही. तुमी म्हणाले, "गाडी दुरुस्त करून ठेवा," अन् पायी गेले.

वकीलसाहेब काय म्हणाले ते मले मागून समजलं. पडले त्याचं काही नाही म्हणाले, कोणी बी पडते. पण जो माणूस कॉक भुलला तो उद्या मंत्र भुलेल, संकल्पात गोत्र भुलेल. अशा माणसाले मांडवात कसं उभं करावं? वकीलसाहेबाच्या घरानं बोलावणं बंद केलं, मंग त्यांच्या सोयऱ्यांनी, मंग मुर्तिजापूरच्या दोन घरांनी. भटजीले चोर म्हटलं तर लोक पुरावा मागतील. भुलका म्हटलं तर कोणी काही मागत नाही.

अन् तुमी? कोणी विचारलं तर म्हणत, "रस्ता खराब होता." माह्या यंत्राचं नाव कधी काढलं नाही. हे मी तीन निराळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मले बरं वाटलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी दुकान लवकर बंद करून वलगावले निघून गेलो.

मधातलं एक वर्ष मी तुमच्यावर रागावलेला होतो. आता हसू येते. चूक माही, राग बी माहाच.

पस्तीसच्या वैशाखात ते झालं. तुमची वाटी पाहून आणखी दोघाचौघाईनं तशी मागितली होती, म्हणून मी एक नवी वाटी करून गिऱ्हाइकाले दाखवाले दुकानाच्या पुढं टांगली होती. त्याच खुणेवर, खाली टिनाचा डबा. सकाळी थेंब नीट पडून राहिला होता. दुपारी जेवून आलो तर डबा भरून तेल ओट्यावरून खाली वाहत होतं. पहिल्यानं वाटलं कोणी खोडी केली. कॉक पाह्यला. खुणेवरच होता, केसभर हलला नव्हता.

मी उन्हात बसलो अन् मोजलं. रामकृष्णहरी दहा होत तोवर नऊ थेंब. पुन्हा मोजलं. नऊ.

उन्हानं तेल पातळ होते. हे माह्या बायकोले बी माहीत आहे, ती कढईत रोज पाहते. मले काहून माहीत नव्हतं? मी तिथंच बसून विचार केला, अन् समजलं. जीन सुरू होते कार्तिकात. फाल्गुनात कापूस सरते अन् चैत्राच्या आत कुलूप लागते. मी तीस हंगाम तेल घातलं, महाराज, पण एका बी वैशाखात घातलं नाही. ज्या तीस हंगामाची मी तुमाले ऐट दाखवली त्यात उन्हाळाच नव्हता.

तुमी मुर्तिजापूरले कॉक बंद केला होता. दोनदा बोट टेकवलं होतं. "बंद" म्हटलं होतं. अन् मंग पुन्हा निघताना तुमी तो माह्या खुणेवर आणला, कारण मी सांगतलं होतं ब्रह्मदेव आला तरी हलवाचं नाही. माह्या खुणेनं तुमाले पाडलं.

त्या दिवशी मी उठून तुमच्या घरी याले पाह्यजे होतं. दहा मिनिटाचा रस्ता. मी काय केलं ते लिहितो, कारण लपवाले आता जागा नाही. मी छिन्नी घेऊन बसलो अन् तुमी गाडी घेऊन येण्याची वाट पाह्यली. चार दिवसानं तुमी आले. तुमी आत काही कामात होते तेवढ्यात मी कॉकवर दुसरी खूण पाडली, पहिल्या खुणेच्या खाली, तिच्याहून बारीक.

तुमी बाहेर आले, वाकले, वाकड्या मनगटाच्या हातानं ती चाचपली.

"ही कशाची?"

"उन्हाळ्याची."

"मागल्या वर्षी नव्हती."

"नव्हती."

रस्त्यानं एक पाणक्या गेला. समोरच्या झाडावर कावळा बसला. तुमी वाट पाहत होते, अन् मी बी वाट पाहत होतो, की तुमीच काहीतरी बोलाल, शिव्या द्याल, अन् मी मोकळा होईन. तुमी म्हणाले, "सुपारी आहे का?" मी डबी पुढं केली.

तुमाले समजलं होतं. आज मी छाती ठोकून सांगतो, तुमाले त्याच क्षणी समजलं होतं. पण कबुली तुमी माह्या खिशातून काढून घेतली नाही. माही मीच काढून द्यावी म्हणून तिथंच राहू दिली. तीन वर्षं.

या तीन वर्षांत तुमी माह्या दुकानात किती बसले! इंजिनाचं सारं तुमाले शिकाचं होतं. स्पार्क प्लगले तुमी अरणी म्हणत, यज्ञाचा अग्नी घासून काढाचं लाकूड. यजमानाकडचा नारळ आणून ओट्यावर फोडत, अर्धा माह्या घरी. माहा मोठा भाऊ गेला तेव्हा वलगावले पावसात, चिखलात गाडी घालून आले अन् मले शेजारी बसवून म्हणाले, "रडा तुळशीरामजी, इथं गिऱ्हाईक नाही." माह्या आयुष्यात मले असं कोणी बोललं नाही. मी तुमाले त्या दिवशी बी सांगू शकलो असतो.

एकदा देवळात तुमी अभिषेक करून राहिले होते. मी गाभाऱ्याच्या बाहेर. पळीतून पाण्याची धार धराची अन् मनगट वळेना. पाणी पिंडी सोडून बाजूले सांडलं. तुमी मागं वळून मले म्हणाले, "तुळशीरामजी, माझ्या मनगटालाही एक दुसरी खूण पाडून द्या." हसत म्हणाले. मी बी हसलो.

मंग यंदाचा चैत्र. आठ दिवसांचा ताप. सहाव्या दिवशी मी आलो तेव्हा खोली माणसांनी भरली होती. तुमचा पोरगा दत्तू पायथ्याशी, माई उशाशी. तुमी डोळे उघडून म्हणाले, "साखळीले तेल?"

वऱ्हाडी बोलले तुमी. माह्यासारखं. घरात कधी बोलत नव्हते.

"घातलं महाराज. उन्हाळ्याच्या खुणेवर आहे."

तुमी हात जरासा हलवला. "बोला," म्हणाले.

एवढी माणसं. अन् मी, तुळशीराम तेलवाला, म्हटलं, "मागचा टायर बदला लागते." तुमी डोळे मिटले. रागानं नाही मिटले, मी पाह्यलं. जसा माणूस म्हणते, बरं, राहू द्या. दोन दिवसानं तुमी गेले.

तुमच्या तेराव्याले आमची पंगत अंगणात होती. बुंदीचा लाडू चांगला झाला होता, माईनं कशात कमी पडू दिलं नाही. माह्या बाजूले अकोल्याकडचा एक पाहुणा होता. खाता खाता म्हणाला, "माणूस सोन्यावानी. भुलकट होता, तेवढंच." दत्तू वरण वाढत होता. त्यानं ऐकलं. पळी वाटीवर थांबली, मंग वाढलं अन् पुढं गेला. आता त्याले तुमचीच यजमानं करायची आहेत, म्हणजे जी राहिली ती. भुलक्या भटजीचा पोरगा म्हणून तो दारोदार जाईल, अन् त्याले हे नाव मी दिलेलं आहे. मी लाडू गिळला, अन् त्याच्यासंगं बोलणं बी गिळलं. इतक्या वर्षाची सवय.

हात धुवाले गेलो तर माई तिथं उभ्या. डोळे कोरडे. म्हणाल्या, "तुळशीरामजी, तुम्ही तर रोज पाहत होता. हे खरंच भुलत होते का हो?"

महाराज, चार वर्षांत मले हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सारे मले सांगत होते, कारण मीच त्यांना सांगतलं होतं. माह्या हातावरून पाणी वाहून राहिलं होतं.

"उद्या सांगतो माई," मी म्हटलं. "अन् उद्याचा दिवस गाडी द्या."

"गाडी तुमचीच आहे. त्यांनी सांगून ठेवलंय. दान म्हणून नाही, म्हणाले, तुळशीरामजी दान घेणार नाहीत, भांडतील. नुसती नेऊन लावायची त्यांच्या दारात."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तांबडं फुटताना, मी तुमच्या अंगणात गेलो. माई सडा टाकत होत्या. मी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. हे मी जिनाच्या गोऱ्या साहेबापुढं बी काढलं नव्हतं. म्हटलं, "महाराज भुलले नाही. कधीच नाही. खूण माही चुकली होती. मले तीन वर्षापासून माहीत आहे."

माईनं बादली खाली ठेवली. मंग म्हणाल्या, "मला काय सांगता? मला ठाऊकच होतं. अकोल्याला जाऊन सांगा."

गेलो. कॉक उन्हाळ्याच्या खुणेवर, डोळे रस्त्यावर. अठ्ठावन्न वर्षाचा माणूस मोटरसायकलवर, बडनेऱ्याची पोरं "कपिला!" म्हणून धावली अन् वर बसलेला दुसराच पाहून उभीच राहिली. नाल्याच्या वळणावर मी थांबलो. उतरण्याआधी कॉक आडवा केला. मातीले हात लावला अन् पुढं निघालो.

रविवार होता, वकीलसाहेब घरी होते. ओसरीवर कागद पाहून राहिले होते. मी बसलो नाही, उभ्यानं सारं सांगतलं. ते ऐकत राहिले. मंग चष्मा काढला.

"चार वर्षांनी सांगून राहिले तुम्ही?"

"हो जी."

"काहून?"

"घमेंड होती."

"अन् पुरावा?"

"पुरावा दारात उभा आहे. फक्त तुमचं घड्याळ लागते अन् दोन पणत्या लागतात."

गाडी विहिरीजवळच्या सावलीत घेतली. तेलवाटीभोवती ओलं फडकं गुंडाळून ठेवलं, घडीभर थांबलो, वाटी हाताले गार लागली. मंग कॉक पहिल्या खुणेवर आणला, ज्या खुणेवर मी ब्रह्मदेवाले बी हात लावू दिला नव्हता. थेंब तारेवर आला, विचार केल्यासारखा थांबला, अन् पणतीत उतरला. वकीलसाहेब खिशातलं घड्याळ हातात धरून जवळ उकिडवे बसले. "एक," म्हणाले. लय वेळानं, "दोन." कॉक बंद केला, फडकं काढलं, गाडी भर उन्हात नेली. अंगणातली फरशी पायाले चटके देत होती. वाटी हात लावता येणार नाही इतकी तापली तेव्हा पुन्हा त्याच खुणेवर आणला. वकीलसाहेबांनी तोंडानं मोजाले सुरुवात केली अन् आठापुढं त्यांची जीभ मागं पडाले लागली. दुसरी पणती त्यांच्या डोळ्यादेखत भरली, काठावर आली, अन् तेल फरशीवर उतरून मागच्या चाकाकडं निघालं. ते त्या ओघळाकडं पाहत राहिले. मंग घड्याळाचं झाकण लावलं.

"धाकटीचं लग्न आहे ज्येष्ठात," ते म्हणाले, माह्याकडं न पाहता. "दत्तोपंतांना निरोप द्याल का? की मीच येऊ?"

"तुमीच या," मी म्हटलं. "मी मधात असलो की निरोप बिघडते."

मंग मी वाकलो. कॉक आडवा केला. दोनदा बोट टेकवून पाह्यलं. अन् तोंडानं म्हटलं, वकीलसाहेबाले ऐकू जाईल असं, "बंद."